एकेक शीत

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपल्याकडील गृहिणी सांगत आल्या, आणि शास्त्रकारांनीं त्यालाच स्थालीपुलाकन्याय असें भारदस्त नांव दिलें. भांड्यांतील एक दाणा शिजला असेल तर बाकीचेही शिजले असले पाहिजेत. सगळा भात चिवडून पाहण्याचें कारण नाहीं. स्वयंपाकघरांत हा न्याय निर्विवाद आहे. पण माणसाच्या संग्रहबुद्धीला तो लावतां येईल काय? एका वस्तूंत तिच्या सर्व जातीचें दर्शन घेऊन ‘आतां पुरे’ असें म्हणणें माणसाला साधेल काय? आणि साधलेंच, तर त्याला संयम म्हणावें कीं लोभाचेंच एक सुसंस्कृत रूप? हा प्रश्न आम्हांस एका अगदीं क्षुल्लक वाटणाऱ्या विषयावरून सुचला. तो विषय म्हणजे अमेरिकेंतील बेसबॉलचीं जुनीं कार्डें.

बेसबॉल हा आपल्या चेंडूफळीशीं दूरचें नातें सांगणारा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील सिगारेटवाले पाकिटांत जाड कागदाचा एक तुकडा घालूं लागले. हेतु एवढाच, कीं सिगारेटी चेपूं नयेत. त्या तुकड्यावर चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुन्हां येतें, हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. गुडविन कंपनीनें १८८६ पासून १८९० पर्यंत ‘ओल्ड जज’ सिगारेटींबरोबर खेळाडूंचे चिमुकले फोटो दिले. ते काढलेले फोटोवाल्याच्या खोलींत. चेंडू दोरीनें टांगलेला आणि खेळाडू तो झेलण्याचा आव आणून उभा! पुढें १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें पांचशेंहून अधिक रंगीत कार्डांची माला काढली. १९१४ त क्रॅकर जॅक या खाऊच्या पुड्यांतून, १९३३ त गौडी कंपनीच्या चघळण्याच्या गोंदाबरोबर अशा माला निघाल्या, आणि १९५२ त टॉप्स कंपनीनें ४०७ कार्डांची माला काढली. लहानमोठ्या अशा माला शेंकड्यांनीं मोजाव्या लागतात.

या पसाऱ्यापुढें संग्राहक दोन वृत्तींचे झाले. पहिल्यांना मालेंतील प्रत्येक कार्ड हवें असतें. एक जरी उणें राहिलें तरी त्यांना चैन पडत नाहीं. ही बेचैनी व्यापाऱ्याला किती सोयीची असते, याचें उदाहरण गौडीच्या मालेंतच आहे. १९३३ त तिच्यांतील १०६ क्रमांकाचें कार्ड निघालेंच नाहीं. मुलें गोंद विकत घेत राहिलीं व नसलेलें कार्ड शोधीत राहिलीं. पुढल्या वर्षीं, ज्यांनीं लिहून विचारणा केली त्यांना तें कार्ड धाडण्यांत आलें. कंपनीचा हेतु कांहींही असो, पूर्णतेच्या हव्यासाला अस्तित्वांत नसलेल्या वस्तूमागेंही धांवडवितां येतें, हें त्यावरून दिसतें.

दुसऱ्या वृत्तीच्या संग्राहकांनीं निराळा नियम पत्करला. प्रत्येक मालेंतील एकच कार्ड ठेवावयाचें, मग त्यावरील खेळाडू कोणीही असो. त्या मालेचा कागद कसा, रंग कसे, पाठीमागें जाहिरात कोणती, हें त्या एका कार्डावरून कळलें कीं पुरे. शितावरून भात!

या नियमाचा पहिला गुण असा, कीं तो बाजाराची सत्ता झुगारून देतो. १९०९च्या त्या मालेंत होनस वॅग्नर या खेळाडूचें कार्ड आहे. त्यानें आपलें चित्र वापरण्यास हरकत घेतली, व कार्डाची छपाई थांबून थोड्याच प्रती बाहेर पडल्या. तंबाखूचा तिटकारा म्हणून कीं मोबदला न मिळाल्यामुळें, याविषयीं वाद आहे. आज तें दीड इंच रुंदीचें चिटोरें कोट्यवधि रुपयांना जातें. २०२२ त एका प्रतीला ७२ लक्ष ५० हजार डॉलर पडले. लोभ एवढ्यावर थांबत नाहीं. या कार्डाच्या सर्वांत गाजलेल्या प्रतीच्या कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली २०१३ त एका लिलाववाल्यानें न्यायालयांत दिली. परंतु एकेक शीत वेंचणाऱ्याला वॅग्नरशीं कर्तव्यच नाहीं. दोन हंगाम खेळून विस्मृतींत गेलेल्या एखाद्या खेळाडूचें, कोपरे झिजलेलें कार्ड त्याला तितकेंच उपयोगी. किंबहुना अधिक, कारण वॅग्नरचें कार्ड अपवाद आहे, आणि अपवादावरून जातीची ओळख पटत नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस हलका वाटत नाहीं. तांदुळाचे दाणे एकसारखे असतात. माणसें तशीं नसतात. कार्डावर आहे तो एका मनुष्याचा चेहरा. ‘कोणीही चालेल’ असें म्हणणारा त्या मनुष्याला केवळ नमुना करून सोडीत नाहीं काय? ज्याला सर्व हवे आहेत तो निदान प्रत्येकाला नांवानें तरी ओळखतो! या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु आमचा अनुभव असा, कीं ज्याच्याजवळ पांचशें असतात तो मोजतो, आणि ज्याच्याजवळ एक असतें तो पाहतो. पांचशेंच्या गर्दींत तो विस्मृत खेळाडू एक क्रमांक असतो; एकट्या पानावर तो सर्व सोबत्यांच्या वतीनें उभा असतो. नमुना होणें हा अपमान खरा, पण प्रतिनिधि होणें हा मान आहे, आणि त्या दोहोंतील अंतर पाहणाऱ्याच्या दृष्टींत असतें. नियम ती दृष्टि देऊं शकत नाहीं. फार तर तिच्यासाठीं जागा मोकळी करून देतो.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. ‘प्रत्येक जातीचें एक’ हें ठरलें. पण जात म्हणजे काय, हें कोणीं ठरवावयाचें? त्या १९०९च्या मालेंतील कार्डांच्या पाठीवर सोळा निरनिराळ्या तंबाखूच्या छापांचीं नांवें आढळतात. मग ती माला एक धरावी कीं सोळा? शाई बदलली तर जात बदलली काय? असे भेद काढूं लागलें कीं एकाचे सोळा होतात, सोळांचे साठ होतात, आणि पुढील दारानें घालवून दिलेला लोभ व्याख्येच्या खिडकींतून घरांत परत येतो. शिवाय प्रत्येक वेळीं तो नियमाचेंच नांव सांगतो! ज्यानें ज्यानें आयुष्यांत स्वतःला कांहीं मर्यादा घालून घेतली, त्याला ही खिडकी परिचयाची असेल. उपवासाच्या दिवशीं फराळाची व्याख्या कशी वाढत जाते, हें कोणाला ठाऊक नाहीं?

या कार्डांच्या जाती लावून देण्याचें मोठें काम जेफर्सन बर्डिक या मनुष्यानें केलें. जन्म १९००चा, सिराक्यूज येथील विजेच्या सामानाच्या कारखान्यांत सुटे भाग जोडण्याची नोकरी, संधिवातानें जखडलेलीं बोटें. १९३९ त त्यानें कार्डांची सूचि प्रसिद्ध केली, आणि त्यानें दिलेल्या खुणा आजही वापरांत आहेत. तो स्वतः एकावर थांबणारा नव्हता. त्याचा संग्रह तीन लक्षांहून मोठा होता. परंतु १९४७ पासून त्यानें तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देण्यास आरंभ केला, आणि पुढें स्वतः तेथें बसून तीं कार्डें वह्यांत चिकटविलीं. वॅग्नरचें कार्डही त्यांत आहे, इतरांच्या पंक्तींत. जानेवारी १९६३ त काम संपलें. त्यानंतर दोन महिन्यांनीं तो वारला.

एकावर थांबणें आणि सर्व देऊन टाकणें हे मार्ग वरवर विरुद्ध दिसतात. आमच्या मतें त्यांची कसोटी एकच आहे: वस्तु हातीं येण्यापूर्वीं घातलेली मर्यादा वस्तु हातीं आल्यावरही टिकते काय? एकेक शीत वेंचणाऱ्यानें आपली व्याख्या मोह पडण्यापूर्वीं करावी, व मोह पडल्यावर ती बदलूं नये. तेवढें साधलें तर त्याचा नियम संयम होय. न साधलें तर ती केवळ लोभाची नीटनेटकी वही. भात शिजला कीं नाहीं हें एका शितावरून कळतें. पोट भरलें कीं नाहीं हें मात्र ज्याचें त्यानेंच प्रामाणिकपणें सांगावयाचें असतें.