तांब्याचा पैसा आणि अपरिग्रहाचा प्रश्न

नाण्यातील धातूची किंमत नाण्यावर कोरलेल्या किमतीहून अधिक झाली, आणि ही गोष्ट ओळखणाऱ्या गृहस्थाने रोजच्या चिल्लरीतून तशी नाणी निवडून डब्यात टाकायला सुरुवात केली, तर त्याच्या या कृतीला काटकसर म्हणावे की परिग्रह, म्हणजे गरजेपलीकडचा साठा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी धर्मविचारातील एका जुन्या पेचाशी तो जाऊन भिडतो. हा पेच आकड्यांत मांडता येतो. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान पद्धत सुरू झाली तेव्हा निघालेला एक नया पैसा ब्राँझचा, म्हणजे मुख्यतः तांब्याच्या मिश्रधातूचा होता आणि त्याचे वजन दीड ग्रॅम होते. त्यामुळे अशी सुमारे 667 नाणी तागडीत टाकली की एक किलो भरते. या नाण्यांची दर्शनी किंमत सहा रुपये सदुसष्ट पैसे होते, तर आज तितक्याच वजनाच्या तांब्याला बाजारात कित्येकशे रुपये पडतात. 1962 पासून हा पैसा निकेल-पितळेचा झाला आणि पुढे काही वर्षांतच ॲल्युमिनियमचा, तेव्हा हलक्या नाण्यांच्या खुर्द्यातून तांबूस नाणे वेगळे काढण्याची बुद्धी लोकांना होणे स्वाभाविकच होते. अमेरिकेतही 1982 मध्ये एक सेंटचे नाणे तांब्याऐवजी जस्ताचे झाले, तेव्हापासून जुनी नाणी वेचणारे लोक तयार झाले, आणि अखेर ती वितळवण्यावर तेथील शासनाला बंदी घालावी लागली.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी करमाडचा परिसर विशेष सोयीचा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला जालना रस्त्यावर आणि मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर वसलेले हे गाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याचे चलन वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत, तर ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाला कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा त्यांचा सर्वसाधारण भाव असे. इकडचा शेतकरी मनमाडकडे माल घेऊन गेला की त्याच्या कनवटीच्या पैशाचा अर्थ बदले, जरी नाण्यातला धातू रतिभरही बदललेला नसे. छापाचे मोल राज्याच्या सीमेपर्यंतच चालते, हे येथील सामान्य माणसाला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

याच भूमीत या प्रश्नाचे दुसरे टोकही पाहायला मिळते. शहराच्या पश्चिमेला असलेल्या दौलताबादेस महंमद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी हलवली, आणि 1329 ते 1332 या काळात त्याने तांब्या-पितळेची जी नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवण्याचा हुकूम काढला, त्यांतील काही दौलताबादच्या टांकसाळीतच पाडली गेली. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो दयाळू परमेश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. म्हणजे धातूत जे मोल नव्हते, ते आज्ञापालनाच्या धार्मिक कर्तव्यातून निर्माण करण्याचा हा प्रयत्न होता. तो फसला. इतिहासकार बरनी सांगतो की घरोघर टांकसाळी निघाल्या, आणि शेवटी खजिन्यातून खरे सोने-चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली, तेव्हा तुघलकाबादेत त्यांचे ढीग पडले. बरनीचे वर्णन अतिशयोक्त मानले तरी एक गोष्ट उरतेच, ती अशी की, नाण्यावर देवाचे नाव घातल्याने विश्वास उत्पन्न होत नाही. तो देणाऱ्याघेणाऱ्यांच्या परस्पर वचनातून उत्पन्न होतो, आणि राज्यकर्ता हा त्या वचनाचा जामीनदार असतो.

धातू निवडून ठेवणारा गृहस्थ तुघलकाच्या नेमक्या उलट बाजूला उभा असतो. छाप हे केवळ नाव, धातू तेवढा खरा, असे त्याचे म्हणणे, आणि या म्हणण्याला वेदान्ताचा आधार असल्याचा भास होतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या पुत्राला, श्वेतकेतूला, समजावतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे पदार्थ कळतात, कारण घट, परळ ही केवळ नावे, खरी ती माती. सोन्याचे आणि लोखंडाचे दृष्टान्तही तो पुढे देतो. या रीतीने पैसा हे नाव आणि तांबे हे सत्य, असे म्हणता येईल. परंतु हा आधार टिकत नाही. उद्दालकाला मातीपाशी थांबायचे नव्हते. कार्याकडून कारणाकडे, आणि त्या कारणाकडून सर्वांच्या मुळाशी असलेल्या सत्तत्त्वाकडे मुलाला न्यायचे होते. तांबे वेचणारा मात्र नाण्याचे नाव टाकून तांब्याच्या भावाला धरून बसतो, आणि भाव हेही बाजाराने दिलेले, रोज बदलणारे नावच आहे. एका नामरूपातून सुटून तो अधिक चंचल अशा दुसऱ्या नामरूपात अडकतो. विनोबांनी 1950 मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग आरंभला तो पैशाचे मोल असे अस्थिर असते म्हणूनच. धातूचा साठा हा त्यावरचा उपाय आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

खरा विचार योगसूत्रांच्या आधारे करावा लागतो. पतंजलीने अस्तेय आणि अपरिग्रह हे दोन यम शेजारी शेजारी नसले तरी एकाच सूत्रात सांगितले आहेत, आणि व्यासभाष्यात विषयांचा स्वीकार न करण्याची पाच कारणे दिली आहेत: अर्जन म्हणजे मिळवण्यातील कष्ट, रक्षण म्हणजे जपण्याची चिंता, क्षय म्हणजे झीज, संग म्हणजे आसक्ती, आणि हिंसा म्हणजे दुसऱ्याला होणारी पीडा. तांब्याच्या पैशांच्या डब्याला पहिले चार दोष लावून पाहिले तर ते फारसे जड वाटत नाहीत. चिल्लर आपोआप हाती येते, डब्याची राखण करावी लागत नाही, तांबे काळवंडते, त्यावर हिरवा कळंक चढतो, पण ते नाहीसे होत नाही. आसक्ती मात्र जडते, आणि एरवी उदार असणारा माणूसही दुकानदाराने परत दिलेले सुटे पैसे तळहातावर उलटेपालटे करून पाहू लागतो. तरी तिचे ओझे हलके आहे.

पाचवा दोष मात्र जड आहे, आणि या विषयावरील चर्चेत तोच बहुधा सुटतो. हा पैसा चलनात होता तेव्हा आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई मोड म्हणून जे नाणे परत करी, ते ती एक पैसा समजून देई. घेणारा ते दीड ग्रॅम तांबे समजून घेई. या दोन समजुतींमध्ये जो अधिकचा अंश आहे तो कोणाचा? कायदा सांगेल की नाणे ज्याच्या हाती आले त्याचे. परंतु व्यासभाष्यात अस्तेयाची व्याख्या बाह्य चोरीपाशी संपत नाही, दुसऱ्याच्या द्रव्याची स्पृहा नसणे हेही तीत येते. आणि देणाऱ्याला ठाऊक नसलेल्या अंशावर डोळा ठेवून केलेला व्यवहार या स्पृहेपासून मुक्त आहे असे म्हणवत नाही. शिवाय लहान नाणे हे गरिबाचे चलन असते. ते डब्यात गेले की टंचाई श्रीमंताच्या व्यवहाराला जाणवत नाही, मीठ-मिरचीच्या व्यवहाराला जाणवते. दुसऱ्या महायुद्धात चिल्लरीचा मोठा तुटवडा पडला, आणि धातू वाचवण्यासाठी 1943 मध्ये मध्यभागी मोठे छिद्र असलेला भोकाचा पैसा काढावा लागला, तो याच ताणाचा पुरावा आहे. नाणी वितळवणे वा मोडणे हा 2011 च्या नाणे अधिनियमानुसार अपराध आहे, आणि त्यामागे राज्याच्या मक्तेदारीइतकाच हा सामाजिक विचारही आहे, असे मानणे योग्य ठरेल.

तथापि प्रत्येक साठा या दोषाला पात्र होत नाही. अनेक मराठी देवघरांत आजही एखादी शिवराई असते. राज्याभिषेकाच्या काळापासून, म्हणजे 1674 पासून, पाडल्या गेलेल्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे आहेत. तुकडा हाताने कापलेला असल्याने कडा वेड्यावाकड्या आहेत, आणि ठसा मोठा व तुकडा लहान असल्याने ‘श्री’ची वेलांटी किंवा ‘छ’चा अर्धा भाग अनेकदा काठाबाहेर गेलेला दिसतो. शतकांच्या हाताळणीने अक्षरे इतकी गुळगुळीत झालेली असतात की ती वाचण्यापेक्षा बोटाने चाचपून ओळखावी लागतात. या नाण्याला कुंकू लावणारी गृहिणी तांब्याचा भाव विचारत नाही आणि त्यात काय मिळेल याचाही हिशेब करीत नाही. व्यवहारातून ते कायमचे बाहेर पडले आहे, त्याच्याकडून कोणत्याही लाभाची अपेक्षा उरलेली नाही, म्हणून त्याचे जतन करण्याला परिग्रह म्हणता येत नाही. कलशात सुपारीबरोबर टाकलेला पैसाही असाच आहे, कारण तो अर्पण केलेला असतो. वेचलेल्या नाण्यांचा डबा याहून निराळा, कारण तो भाव चढण्याची वाट पाहत असतो. आणि तांब्याच्या भावाचा लाभ पदरात पडायचा तर नाणे मोडीच्या भट्टीत जावे लागते, म्हणजे ज्याला जपले असे वाटते त्याचा नाशच अपेक्षिलेला असतो.

याच मुलखात घडल्याचे सांगितले जाणारे एकनाथ महाराजांचे एक प्रसिद्ध आख्यान येथे उपयोगी पडते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहीत असताना एका पैची चूक सापडेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या चाळत बसले, आणि ती सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी ही एकाग्रता परमार्थाकडे वळवण्यास सांगितले, असे परंपरा मानते. कीर्तनकार या कथेतून बहुधा एकाग्रतेचा बोध काढतात, पण तिच्यातली दुसरी बाजू तितकीच मोलाची आहे. ती पै नाथांची नव्हती. ती सापडल्याने त्यांच्या पदरी काही पडणार नव्हते, आणि न सापडती तर त्यांचे काही जाणारही नव्हते. तिची काळजी त्यांनी घेतली ती हिशेब ज्यांचा होता त्यांच्या वतीने. करमाडच्या किराणा दुकानदाराने गल्ल्यातील जुने नाणे ओळखून ज्याने ते दिले त्यालाच त्याची खरी किंमत सांगितली, किंवा घरच्या डब्यातील नाणी मोडीच्या तराजूत न घालता शाळेतल्या मुलांना हाताळायला दिली, तर तो तांब्याचे मोल नाकारत नाही आणि वचनही मोडत नाही. भाष्यातील पाचवा दोष त्याला लागत नाही, आणि उरलेल्या चारांपैकी जी आसक्ती थोडीफार शिल्लक राहते, ती गृहस्थाश्रमाने सहन करण्याइतकी हलकी आहे.