कोण देतो आणि कशावरून देतो

नोव्हेंबरमध्ये १८ ते २४ या तारखांना जगभर अँटिबायोटिकांविषयी जागरूकतेचा सप्ताह पाळतात, आणि आपल्याकडे त्या सात दिवसांत एकच आरोपी पिंजऱ्यात उभा असतो: मेडिकलवाला. तो चिठ्ठीशिवाय औषध विकतो, म्हणून जंतू निर्ढावले. त्याला आवरा, की झाले. आईबापांच्या अज्ञानावर खापर फोडणारे आणि नव्या औषधाची वाट बघत बसलेले, या दोघांशी वाद घालण्यात मला रस नाही. पहिले उद्दाम आहेत, दुसरे भाबडे. पण ‘चिठ्ठीशिवाय विक्री बंद करा’ ही मागणी शहाण्यासुरत्या माणसांची आहे, म्हणूनच ती नीट तपासायला हवी. लहान मुलांपुरते तरी ती भलत्याच ठिकाणी बोट ठेवते.

जंतू पेनिसिलिनला निर्ढावतील असा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये दिलेला इशारा, १९५४ मध्ये पिंपरीत उभा राहिलेला सरकारी पेनिसिलिनचा कारखाना, हा सगळा इतिहास वाचकाला ठाऊक आहे. औषध मिळत नव्हते, मग मिळू लागले, मग फार मिळू लागले. या तिसऱ्या टप्प्यात ‘मिळण्या’वर निर्बंध घालावा असे वाटणे साहजिक आहे. काउंटरवरून अँटिबायोटिक विकणे वाईटच, त्याची वकिली मी करत नाही.

पण नाक गळणाऱ्या, रात्रभर खोकणाऱ्या दोन वर्षांच्या पोरीच्या हाती सेफिक्झिम या अँटिबायोटिकची बाटली पडते ती कितीदा तरी रीतसर डॉक्टरच्या रीतसर चिठ्ठीवर. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची असते आणि तिथे अँटिबायोटिक काही करत नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असते. तरी तो लिहितो. बाहेर रांग आहे, आई काकुळतीला आली आहे, ताप उतरला नाही तर ती उद्या समोरच्या दवाखान्यात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट केले: नेहमी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन दुसऱ्या. या दुसऱ्या गटातली सिरपे चिठ्ठीवर सर्रास दिसतात आणि ‘चिठ्ठीशिवाय विक्री बंद’चा नियम त्यांना हातही लावत नाही. उलट शिक्का मारून देतो.

आता नियमच बघू. १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांत एच-वन अनुसूची, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी, लागू झाली. त्यातली औषधे विकताना दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहायचे; वही तीन वर्षे जपायची. सेफिक्झिम या यादीत आहे. वही अगदी चोख ठेवली तरी त्यातून काय कळते? कोणी लिहिले, कोणाला दिले, किती दिले. कशासाठी दिले, याला रकाना नाही. मुलाचे वजन किती, यालाही नाही. लहान मुलांचा डोस किलोवर ठरतो, आणि एकच औषध थेंबांच्या बाटलीत एका तीव्रतेचे, सिरपमध्ये पाच मिलीला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम अशा दुसऱ्या तीव्रतेचे असते. चिठ्ठीवर नुसते ‘५ मिली, दोनदा’ असेल तर दुकानदाराने चूक पकडायची कशी?

यावर ठरलेले उत्तर येते: म्हणूनच तर हे काम फक्त डॉक्टरच्या हाती हवे. असे म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीला पाठवीन. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने तिथे ५८ गावांत न्यूमोनियाचे उपचार निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि चक्क सुईणी यांच्या हाती दिले. एका वर्षात ६१२ मुलांना को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक दिले गेले. त्यांतली ०.८ टक्के दगावली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत हेच प्रमाण १३.५ टक्के होते. १९९० मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. या हातांजवळ पदवी नव्हती, श्वास मोजण्याची रीत होती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास असले तर औषध. नुसता खोकला असेल तर नाही. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी आले.

सुईण आणि शहरातला दुकानदार यांची बरोबरी मी करत नाही. दुकानदाराला बाटली खपवायची असते, तिला नव्हती. पण फरक तिथे आहे, पदवीत नाही. रांग उपसणारा डॉक्टर जर छातीवरचा कपडा वर करून मिनिटभर श्वास मोजत नसेल, तर त्याच्या चिठ्ठीला सुईणीच्या मण्यांपेक्षा अधिक वजन का द्यावे? औषध कोण देतो हा प्रश्न आपण दहा वर्षे घोळवला. कशावरून देतो, हा विचारलाच नाही.

अगदीच नाही असेही नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी डॉक्टरांना पत्र लिहून अँटिबायोटिक देताना नेमके कारण चिठ्ठीवर लिहावे असे सांगितले. त्याच वेळी औषधविक्रेत्यांनाही चिठ्ठीचा नियम पाळायला बजावले. डॉक्टरांना केलेले ते आवाहन होते. विक्रेत्यांसाठी कायदा आधीपासून होता. माझ्या मते या दोन गोष्टींची अदलाबदल केली असती तर मुलांचे अधिक भले झाले असते.

कायदा बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. पुढच्या वेळी मुलाला घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून मागा: त्याचे आजचे वजन आणि हे औषध कशासाठी. लिहायला डॉक्टर कां-कूं करू लागले, तर ‘मग दोन दिवस थांबून पुन्हा दाखवायला आणू का?’ एवढे जरूर विचारा.