सुटलेला निरोप अडवणारा आरएनए

जनुक बंद झालं की त्याचं काम थांबलं, असं आपण शाळेपासून धरून चालतो. पण नळ बंद केला तरी हंड्यात भरलेलं पाणी उरतंच. जनुकावरून आधीच उतरवलेले संदेशवाहक आरएनए पेशीत फिरत असतात आणि रायबोसोम त्यांच्यावरून प्रथिनं बनवत राहतात. टंचाईत जिवाणूला हे परवडत नाही. म्हणून तो निघून गेलेल्या संदेशालाच वाटेत गाठतो.

ई. कोलाय या जिवाणूला लोह कमी पडतं तेव्हा काय होतं ते पाहा. लोह भरपूर असताना ‘फर’ हे प्रथिन लोहाला धरून डीएनएवर बसतं आणि आरवायएचबी या आरएनएची निर्मिती दाबून ठेवतं. लोह आटलं की फर सुटतं आणि आरवायएचबी बनू लागतो. हा जेमतेम 90 अक्षरांचा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. म्हणूनच तो झटपट आणि स्वस्तात तयार होतो. कड्याच्या आकाराचं एचएफक्यू हे प्रथिन त्याला आधार देतं. लोहावर चालणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्यूटेस या एन्झाइमचा संदेश सापडला, की जिथून वाचन सुरू व्हायचं नेमक्या त्याच जागी तो अक्षराला अक्षर जुळवून चिकटतो. रायबोसोमला बसायला जागा उरत नाही. मग आरएनएझ ई हे एन्झाइम येऊन संदेशाचे तुकडे करतं. असे लोहखाऊ प्रथिनांचे बरेच संदेश बंद पडले, की उरलेलं लोह अत्यावश्यक कामांना मिळतं.

लोहटंचाईत आरवायएचबी असे संदेश बंद पाडतो, हे 2002 साली एरिक मासे आणि सुझन गॉट्समन यांनी दाखवलं. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते त्यांच्या गटाला पुढच्या वर्षी दिसलेलं: संदेशाबरोबर आरवायएचबी स्वतःही नष्ट होतो. म्हणजे हा सगळा हिशेब संख्येचा आहे. छोटे आरएनए संदेशांपेक्षा जास्त असतील तोवर प्रथिन जवळपास बनतच नाही. संदेश वरचढ झाले की बनू लागतं. लोह परतलं की नवा आरवायएचबी बनत नाही, जुना कामात खर्ची पडतो, आणि बंदी आपोआप उठते. ती उठवायला वेगळी यंत्रणा लागत नाही.

अशा लहान लगामांचं मोल पुण्यात, पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या एका अभ्यासातून कळतं. ई. कोलायमध्ये मॅग्नेशियमची टंचाई ओळखणारी ‘फोपीक्यू’ ही जोडी आहे. तिच्यातल्या फोपीच्या संदेशाला मायकए हा छोटा आरएनए आवरतो, तर फोक्यूला एमजीआरबी हे चिमुकलं प्रथिन. सेप्ट्रानसारख्या गोळ्यांतलं ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक देत जिवाणू वाढवले, तेव्हा सुरुवातीलाच एमजीआरबी निकामी झालेले जिवाणू पुढे आले, असं तिथल्या संशोधकांनी 2021 मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात मांडलं. फोक्यूवरचा लगाम सुटल्याने त्याची जोडीदार फोपीही बेलगाम झाली आणि डीएचएफआर हे एन्झाइम जास्त बनू लागलं. हे औषध नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. लक्ष्यच वाढलं तर तेवढंच औषध अपुरं पडणार. पुढे औषधाचा जोर जास्त असेल तर डीएचएफआरमध्येच बदल होऊन पक्का प्रतिकार येतो. जोर कमी असेल तर जिवाणू आरपीओएस हे दुसरं नियंत्रक प्रथिन गमावून बेलगाम फोपीचा भुर्दंड भरून काढतात.

तेव्हा प्रतिजैविकांना जिवाणू कसे सरावतात हे शोधताना औषधाच्या लक्ष्याचं जनुक तेवढं तपासून भागणार नाही. त्याला आवरणारे हे लहान रेणूही तपासले पाहिजेत.