दोनशे थेंबांतली एक पेशी

मृण्मयी,

प्रोजेक्टसाठी ‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखणारी चिप’ हा विषय घेतेयस, आणि वर मलाच विचारतेस, ‘आत्या, तुला यातलं काही कळेल का?’ अगं, उभा जन्म लॅबमध्ये रक्तपेशी मोजण्यात गेला माझा. थोडंफार कळेलच.

बारीक वाटांतून द्रव खेळवणाऱ्या तुमच्या मायक्रोफ्लुइडिक्सची पणजी माझ्या कपाटात आहे: न्यूबॉवर चेंबर. जाड काचेची पट्टी, तिच्यावर कोरलेले बारीक चौकोन, वर कव्हरस्लिप, आणि मध्ये ०.१ मिलिमीटरची फट. पिपेटचं टोक कडेला टेकवलं की पातळ केलेलं रक्त आपोआप आत ओढलं जायचं. बुडबुडा शिरला की पुसून पुन्हा पहिल्यापासून. चार कोपऱ्यांतल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, पन्नासनं गुणायचं, आकडा रजिस्टरात. हात स्थिर नसेल तर आकडाही स्थिर नाही, हे मी पहिल्याच महिन्यात बोलणी खाऊन शिकले.

तुझी चिप शोधते त्या, कॅन्सरच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात फिरतात हे काही नवं नाही. १८६९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अॅशवर्थ यांना एका मृत रुग्णाच्या रक्तात त्याच्या गाठीतल्या पेशींसारख्याच पेशी दिसल्या होत्या. अडचण संख्येची. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारण ५०० कोटी, पांढऱ्या ४० लाखांपासून कोटीभर. त्यांत हवी असलेली पेशी एखादी, बऱ्याचदा तीही नाही.

२००७ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मेहमेट टोनर, डॅनियल हेबर आणि सुनीता नागरथ यांच्या गटानं जी चिप केली, ती मला फार आवडते. सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर ७८,००० खांब, प्रत्येकावर गाठीच्या पेशीला चिकटणारी अँटिबॉडी. खांबांच्या या जंगलातून रक्त सावकाश सोडायचं, तासाला एक-दोन मिलिलिटर. इतके खांब कशाला, विचार. अरुंद वाटेत द्रव घुसळला जात नाही, थरावर थर ठेवल्यासारखा सरळ वाहतो. पेशी आपल्या वाटेनं निघून जाते, भिंतीला शिवतच नाही. तिला अडवायला वाटेत उभं राहावं लागतं. पुढं २०१० मध्ये त्याच मंडळींनी चिपच्या छताला तिरप्या खाचा पाडून प्रवाहाला पीळ दिला, म्हणजे पेशी भिंतीला शिवाव्यात.

मग आणखी एक भानगड. अँटिबॉडी जिला चिकटते ती ओळखीची खूण गाठीच्या सगळ्याच पेशींच्या अंगावर असते असं नाही. पसरायला निघालेल्या काही जणी ती टाकून देतात. म्हणून २०१३ च्या चिपमध्ये काम उलटं केलं. तांदूळ निवडताना आपण खडा वेचतो ना? इथं तांदूळच सगळा वेचून काढायचा आणि ताटात खडा उरू द्यायचा. तांबड्या पेशी आकारानं लहान, त्या खांबांच्या तिरप्या रांगांतून बाजूला पडतात. पांढऱ्यांना आधीच चुंबकी मणी चिकटवलेले असतात, त्या चुंबकानं ओढल्या जातात. उरेल त्याची ओळख आपल्याला आधी ठाऊक असण्याची गरज नाही. ही युक्ती वाचून मी एकटीच हसले होते.

पण तुझ्या शीर्षकातला तो ‘एक थेंब’ मला खुपतो. हिशोब कर. थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर. सुरुवातीच्या आजारात दहा मिलिलिटर रक्तात अशी एकच पेशी आहे असं धर. दहा मिलिलिटरचे थेंब झाले दोनशे. म्हणजे १९९ थेंब कोरे. तुझी चिप कितीही हुशार असो, थेंबात जे नाहीच ते ती कुठून दाखवणार? यंत्र इवलंसं असलं तरी नमुना इवलासा चालत नाही. बोटाच्या थेंबावर ढीगभर तपासण्यांचं स्वप्न थेरानोस या अमेरिकन कंपनीनं विकलं. गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्सना २०२२ मध्ये कोर्टानं दोषी ठरवलं. शीर्षकातून थेंब काढ, नळी घाल. शोभा कमी होईल, होऊ दे.

आणखी एक. त्या २००७ च्या चिपवरच्या निबंधात ११६ पैकी ११५ नमुन्यांत पेशी सापडल्या होत्या, पण बहुतेक रुग्णांचा आजार आधीच पसरलेला होता. माहीत असलेल्या आजाऱ्यात सापडणं वेगळं, धडधाकट दिसणाऱ्या हजारो माणसांत शोधणं वेगळं. दुसऱ्याचं उदाहरण ऐक. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्यांची गर्भाशयमुखाची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका करायच्या. साधन काय, तर पातळ अॅसिटिक अॅसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मोजलं होतं ते मृत्यू, सापडलेल्या पेशी नव्हेत. पेशी पकडणाऱ्या चिपच्या नावावर असा निकाल अजून नाही. तुझ्या प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर हे लिहिशील का? गाइड नाक मुरडतील कदाचित.

दिवाळीला येशील तेव्हा चेंबर घेऊन जा. कव्हरस्लिपा मात्र सगळ्या फुटल्या आहेत, त्या तिकडेच बघ. आणि पहिल्यांदा भरताना बुडबुडा आला तर मला फोन करू नकोस, पूस आणि पुन्हा भर.

तुझी,
आत्या