राजूरची भट्टी

राजूरला गेलं की कपड्यांवर दोन रंग चढतात. कॉलरीकडून आलात तर काळा, चुनाभट्ट्यांकडून आलात तर पांढरा. वणीच्या या बाजूला कोळसा आणि चुनखडी जमिनीने शेजारीशेजारी ठेवली आहेत. भट्टीत चुनखडीचा थर, त्यावर कोळशाचा, पुन्हा चुनखडीचा, असं भरत जातात आणि खालून पेटवतात. भट्टीच्या तोंडावर हवा थरथरताना दिसते. त्या थरथरीकडे पाहताना मला दर वेळी वाटतं, ही फार जुनी हवा बाहेर पडते आहे.

पृथ्वीच्या आयुष्याचा जवळपास अर्धा काळ तिच्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हताच. मग समुद्रातल्या नीलहरित सूक्ष्मजीवांनी उन्हाच्या बळावर पाणी फोडायला सुरुवात केली. त्यांना हवा होता पाण्यातला हायड्रोजन. प्राणवायू ते टाकून देत. तो आधी समुद्रात विरघळलेल्या लोखंडाने गिळला, त्याचा गंज तळाशी बसला. हवेत तो साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. तो ज्यांना विष ठरला, असे जीव चिखलाच्या, पाण्याच्या तळाशी दडले. आजही ते तिथेच आहेत.

इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. मला खरी गोष्ट उशिरा कळली. हिरवं पान प्राणवायू सोडतं, पण ते गळून कुजलं की कुजताना तेवढाच प्राणवायू परत घेतं. हिशेब शून्य. हवेत प्राणवायू शिल्लक राहायचा तर कुणीतरी न कुजता पुरलं जावं लागतं. आज हवेत २१ टक्के प्राणवायू आहे, तो अशा पुरलेल्या देहांचा. आपला प्रत्येक श्वास त्यांच्या मातीवर उभा आहे, हे समजल्यापासून मी श्वास तसा सहज घेऊ शकलेलो नाही.

राजूरचा कोळसा हे त्यातलंच दफन. गोंडवन भूखंडावरच्या दलदलीत, २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, ग्लॉसोप्टेरिसची जंगलं उभी होती. पानं जिभेसारखी लांबट. ती चिखलात दबली. खरं तर असा कोळसा म्हणजे पुरलेल्या कार्बनचा लहानसा वाटा. बाकीचा खडकांत कणाकणाने विखुरलेला आहे. म्हणून कोळसा जाळून प्राणवायू संपेल ही भीती नाही. पण कार्बन डायऑक्साइड हवेत मुळातच इतका थोडा, की त्याचं पारडं लगेच हलतं: कारखान्यांच्या युगाआधी दहा लाख भागांत सुमारे २८० होता, आता ४२० च्या वर गेला आहे.

चुनखडीची कहाणी याहून जुनी. पैनगंगा खोऱ्यातली ही चुनखडी प्राणी जन्माला येण्याआधीच्या समुद्रात साचली. तेव्हा शंख नव्हते, शिंपले नव्हते. समुद्र सूक्ष्मजीवांचा होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरला, खडकांतून झिजून आलेल्या कॅल्शियमला भेटला आणि दगड झाला. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो कळीचा चुना हाती लागतो. उरलेले ४४ किलो वर निघून जातात. म्हणजे एकाच भट्टीत हवेची दोन कुलपं उघडतात, एक दुसऱ्याला जाळून.

भट्टीवर राबणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाताला पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत, आणि माझं घरही त्याच चुन्याने उभं आहे.

त्या चुन्याची एक गोष्ट मला फार आवडते. कळी पाण्यात टाकली की खदखदते, फुलते. दिवाळीआधी ती भिंतीवर चढते. पुढचे दिवस, महिने ती भिंत गुपचूप हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत राहते आणि चुन्याची पुन्हा चुनखडी होते. भट्टीत दगडातून जेवढा गेला, त्यातला बराचसा ती हळूहळू परत आणते. कोळशातून जो गेला, तो मात्र तिच्या हिशेबात नाही. त्याला पुन्हा पुरायला दलदल हवी, जंगल हवं, कोट्यवधी वर्षं हवीत. आणि ग्लॉसोप्टेरिसचं झाड तर आता पृथ्वीवर कुठेच उरलेलं नाही.