पाचव्या तासाचा हक्क

गालिबचा एक किस्सा उर्दू शाळांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. 1842 च्या सुमारास दिल्ली कॉलेजात फारसी शिकवणारा हवा होता. गालिब पालखीतून टॉमसन साहेबांकडे गेले आणि दारातच थांबले, कारण साहेब सामोरे आले नाहीत. दरबारात पाहुणे म्हणून याल तेव्हा तो मान, आज तुम्ही नोकरीसाठी आला आहात, असे साहेबांनी सांगितले. नोकरीने इज्जत वाढेल या आशेने आलो होतो, असलेली कमी करायला नाही, एवढे बोलून गालिब परतले. मीही हा किस्सा वर्गात छाती फुगवून सांगत असे. 1850 मध्ये याच गालिबांनी बहादूरशहा जफरच्या दरबारात महिना 50 रुपयांवर तैमूर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम पत्करले, हे मात्र गाळत असे.

पालखी परत फिरवण्याची सोय आम्हा अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना नाही. महाराष्ट्रात 2000 पासून शिक्षणसेवक पद्धत आहे. तीन वर्षे मानधनावर काम, मग नियमित वेतन. मी माध्यमिक शाळेत लागलो तेव्हा हे मानधन महिना 8 हजार रुपये होते. 2023 मध्ये ते 18 हजार झाले. त्या तीन वर्षांत मान खाली घालायला कोणी शिकवावे लागत नाही. नंतर ती वर होत नाही, हे फार उशिरा कळते.

कायदा आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा अधिनियम आहे. बडतर्फ केले, पदावनत केले, तर 30 दिवसांत शालेय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. पण मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर ‘तुम्हाला बी.एड. कोणी दिली?’ असे विचारले, तर त्याला कलम नाही.

मला ते विचारले गेले. एका फॉर्ममधला आकडा चुकला होता. घंटा झाली आणि मी पाचव्या तासाला आठवीच्या वर्गावर गेलो. एका मुलाने वही आणली नव्हती. रोजचीच गोष्ट. मी त्याचा कान इतका पिरगाळला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मागच्या बाकावरून हळू आवाज आला, ‘सर, आज आपको किसने डाँटा?’ कोणीही हसले नाही.

संध्याकाळी जठारपेठेतल्या घराकडे येताना रोज मी मनातल्या मनात मुख्याध्यापकांशी भांडत असे, आणि चौक येईपर्यंत त्यांना तीनचार वेळा हरवलेले असे. त्या दिवशी लक्षात आले की साहेब दहा मिनिटे बोलले होते. उरलेला दिवस त्यांच्या वतीने मीच बोलत होतो.

सहकारी म्हणतात, जीव लावू नका, पगारापुरते करा. सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण हात आखडता घेतला तर साहेबांचे काय जाते? जाते ते आठवीच्या मुलांचे. आपली ताकद आपली एकट्याची नसते. निम्मी तरी त्यांची अमानत असते. मग वाचवायची ती कुठून? मला तर ती स्टाफरूममधल्या कुजबुजीतून, त्या वाटेवरच्या भांडणातून आणि खरे सांगायचे तर साहेबांनी एकदा तरी शाबासकी द्यावी या हावरेपणातून वाचवावी लागली. शेवटचे सर्वांत कठीण गेले.

याला कोणी सब्र म्हणेल, कोणी गैरत मेली म्हणेल. मलाही दोन्ही वाटून गेले आहे. पण एकदा शाळा सोडून गेलेल्या तीन मुलांची हजेरी लावायला सांगितले गेले, तेव्हा साठवलेले कामी आले. आवाज न चढवता नाही म्हणालो, आणि कारण लेखी दिले. त्यानंतर कित्येक महिने जादा कामे माझ्याच वाट्याला येत होती. साहेबांची भीतीही समजते. पट घटला की संच मान्यतेत पद जाते, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, संस्था त्यांना जाब विचारते. समजल्याने राग उतरला. हजेरी मात्र तरीही लावली नसती.

त्या मुलाची दुसऱ्या दिवशी वर्गासमोर माफी मागितली. तो इतका लाजला की वही उलटी धरून बसला. साहेब अजूनही मधल्या सुट्टीतच बोलावतात. तिथून निघालो की मी आधी व्हरांड्यातल्या नळावर जातो, थोडा वेळ हात धुतो आणि मग वर्गात शिरतो. सरांना स्वच्छतेची फार आवड आहे, अशी आठवीत समजूत आहे.