वारी आणि सेवा



कार्तिकातील काकडआरतीनंतर तीर्थप्रसाद घेत असता आपल्या संस्थेच्या एका वृद्ध सभासदांनी आम्हांस विचारले, “व्हिएतनामातील त्या अनाथाश्रमात तुम्ही मुलाबाळांसह एकदा जाऊन आलात, ते ठीक झाले. पण दुसऱ्यांदा का गेलात? आणि आता तिसऱ्यांदा जाण्याचे का मनात आणता? अनाथ मुले काय आपल्या बेळगावात नाहीत?”

प्रश्न रास्त होता. देवळाच्या पायरीवर उभ्याउभ्या त्याचे उत्तर देणे आम्हांस साधले नाही. ते आज या पत्रिकेतून सर्व सभासद कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. त्या उत्तरात आमच्या एका चुकीची कबुली आहे, आणि ती चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून, अगदी सद्‌हेतूने, होत असावी असे आम्हांस वाटते.

२०२२ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही उभयता, कन्या व पुत्र असे चौघे प्रथम त्या देशी गेलो. मध्य व्हिएतनामात समुद्रकाठी दानांग नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या बाहेरच्या बाजूस बौद्ध भिक्षुणींचा एक मठ असून, मठाच्याच आवारात सुमारे चाळीस मुलांचा सांभाळ होतो. त्या देशात अशी परंपराच आहे. युद्धाच्या काळात, आणि १९७५ च्या एप्रिलअखेर युद्ध संपल्यावरही, घर तुटलेल्या मुलांना अनेक विहारांनी आसरा दिला.

तेथे आम्ही तीन आठवडे राहिलो. पेटी भरून खेळणी नेली होती, ती वाटली. मुलांना कडेवर घेतले, गाणी म्हटली, छायाचित्रे काढली. तीन वर्षांचा एक मुलगा तर पहिल्या दिवसापासून आमच्या सौभाग्यवतींच्या पदरास चिकटला. निघण्याच्या दिवशी तो फाटकापर्यंत रडत आला. आमचेही डोळे भरून आले. पण खरे सांगावयाचे तर अंतरात कोठे तरी समाधानही वाटले. त्या बालकाच्या अश्रूंस आम्ही आमच्या सेवेची पावती समजलो. परत आल्यावर याच देवळाच्या सभामंडपात ती हकिकत आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितली होती, हे काही जणांना स्मरत असेल.

पुढे २०२४ च्या श्रावणात मुलांच्या शाळेची रजा काढून आम्ही पुन्हा तेथे गेलो. तो मुलगा आता पाच वर्षांचा झाला होता. आमच्या सौभाग्यवतींनी हात पसरले. त्याने क्षणभर पाहिले, हसला, आणि आमच्या मागून आत येणाऱ्या एका अनोळखी परदेशी पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसला. तो पाहुणा उठून गेल्यावर दुसऱ्याच्या. त्याने आम्हांस ओळखलेच नाही.

सायंकाळी मठातील ज्येष्ठ भिक्षुणींनी आम्हांस चहास बोलाविले. इंग्रजी जाणणारी एक तरुण शिक्षिका दुभाष्याचे काम करीत होती. त्या माउलींनी दोष मुळीच दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या की, तुमच्या आधी पुष्कळ आले, तुमच्या नंतरही आले. प्रत्येकाने या मुलास तीन आठवडे जीव लावला आणि प्रत्येक जण निघून गेला. आता तो कोणाच्याही मांडीवर बसतो, आणि कोणी गेल्याचे त्यास दुःख होत नाही. दुःख होत नाही, याचेच आम्हांस दुःख आहे.

त्या रात्री आमच्यापैकी कोणासही झोप लागली नाही. मागाहून पाहता कळले की, ही गोष्ट जाणत्यांनी फार पूर्वी सांगून ठेविली आहे. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात असे प्रतिपादिले आहे की, लहान मुलास मातेचा, किंवा मातेच्या ठिकाणी असलेल्या एकाच कायम व्यक्तीचा, जिव्हाळ्याचा व अखंड सहवास मिळणे त्याच्या मनाच्या आरोग्यास अवश्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ मधील बालहक्कांच्या ठरावात, अनाथालयांत पाहुणे स्वयंसेवक पाठविण्याच्या प्रघातापासून मुलांस होणारा अपाय टाळण्याविषयी राष्ट्रांना सांगितले आहे.

परंतु आम्हांस यासाठी परकीय ग्रंथ धुंडाळण्याचे काय कारण होते? श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून, परतफेडीची इच्छा न धरता, कर्तव्य म्हणून दिले जाते ते सात्त्विक दान. फळावर दृष्टी ठेवून दिले जाते ते राजस दान. हा अध्याय आपण अनेकदा ऐकतो. ऐकताना फळ म्हणजे पैसा, मान, स्वर्ग असे आपण समजतो. एका बालकाचे अश्रू हेही फळ असू शकते, आणि त्या फळासाठी आपण सुटीभर प्रेम वाटीत असतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. दान केले ते आम्ही, आणि त्याचा भार उचलला तो तीन वर्षांच्या मुलाने!

मग प्रश्न येतो तो असा की, हे कळल्यावर तेथून निमूटपणे परतावे की राहावे? आमच्या चिरंजिवांचे मत परतावे असे होते. “आपल्यामुळे त्याचे वाईट झाले असेल, तर आपण येथे तोंड का दाखवावे?” असे तो म्हणाला. सतरा वर्षांच्या मुलाचे हे बोलणे आम्हांस झोंबले, पण ते उडवून लावण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या भिक्षुणींनाच विचारले, “आमचा काही उपयोग आहे काय? नसेल तर तसे सांगा.” त्यांनी आम्हांस मुलांच्या खोलीकडे न नेता मागील अंगणात नेले. तेथे धुण्याचा ढीग होता. चाळीस मुलांचे कपडे, चादरी, तान्ह्यांची दुपटी. मुलांस सांभाळणाऱ्या बायांचा निम्मा दिवस त्या ढिगात जाई. “हे तुम्ही करा,” त्या म्हणाल्या, “म्हणजे ज्या बाया येथे कायम राहणार आहेत, त्यांना मुलांजवळ बसता येईल.”

त्या वेळचे तीन आठवडे आम्ही धुणे धुतले, भांडी घासली, मच्छरदाण्या शिवल्या. मठाचा स्वयंपाक शाकाहारी असल्याने आमच्या सौभाग्यवतींना भाजी चिरण्याचे काम मिळाले. चिरंजीव, शाळेच्या परीक्षेस बसणाऱ्या मोठ्या मुलांपैकी ज्यांना हवे होते त्यांस, गणित शिकवू लागला. लहानग्यास आमच्यापैकी कोणीही उचलून घ्यावयाचे नाही, असा नेमच केला. तो नेम पाळणे सर्वांत कठीण गेले. तो पाच वर्षांचा मुलगा अंगणातून धावत जाई आणि आम्ही ओले हात घेऊन मान खाली घालीत असू. पण एके दुपारी तो पडला व गुडघा फुटला, तेव्हा समोर असलेल्या पाहुण्यांना ओलांडून तो धावला तो मठातील एका सांभाळणाऱ्या बाईकडे. आणि त्या बाईचे हात त्या वेळी रिकामे होते. आमच्या साऱ्या प्रवासात एवढे एकच दृश्य असे आहे की, ज्याचे छायाचित्र आम्ही घेतले नाही.

याच मुक्कामात तेथील वू-लान नावाचा सण आला. सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेस, म्हणजे सामान्यतः आपल्या श्रावणी किंवा भाद्रपदी पौर्णिमेच्या सुमारास, तो येतो. बुद्धशिष्य मौद्गल्यायनाने प्रेतयोनीत पडलेल्या आपल्या मातेची सुटका केली, त्या कथेवर तो आधारलेला आहे. आपल्या पितृपक्षाशी त्याचे नाते कोणाच्याही लक्षात येईल. ज्याची आई जिवंत आहे त्याने त्या दिवशी छातीवर लाल गुलाब लावावा, जिची माता निवर्तली तिने पांढरा लावावा, असा तेथे रिवाज आहे. थिच न्हात हान्ह या भिक्षूंनी १९६२ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधापासून तो रूढ झाला.

मठात दोन परड्या मांडल्या होत्या. सुमारे दहा वर्षांची एक मुलगी त्यांच्यापुढे नुसतीच उभी होती. आमच्या कन्येने हळूच विचारले, “बाबा, हिने कोणते फूल घ्यायचे?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. इतक्यात ज्येष्ठ भिक्षुणी आल्या आणि त्यांनी लाल फूल तिच्या सदऱ्यास टाचले. मागाहून कळले की, तिची आई जिवंत आहे. पती वारल्यावर पोटासाठी ती दक्षिणेकडे सायगावच्या बाजूस एका कारखान्यात कामास गेली. दानांग ते सायगाव हे अंतर रेल्वेने सुमारे ९३५ किलोमीटर आहे. भाडे आणि रजा यांचा मेळ न बसल्याने दोन वर्षांत तिला लेकीस भेटता आले नव्हते.

म्हणजे जिला आम्ही अनाथ म्हणत होतो, ती अनाथ नव्हतीच. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने २००९ साली असे नमूद केले आहे की, जगभरच्या बालगृहांतील पाचांपैकी किमान चार मुलांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक, हयात असतात. त्यांना घराबाहेर काढते ते बहुधा दारिद्र्य. दुसऱ्या खेळण्यांच्या पेटीसाठी आम्ही बाजूस ठेविलेली रक्कम त्या भिक्षुणींच्या सल्ल्याने त्या मातेच्या प्रवासखर्चास दिली. २०२५ च्या जानेवारीअखेर त्यांच्या नववर्षाच्या सणास ती माता आली, चार दिवस राहिली व पुन्हा कामावर गेली, असे मठाकडून कळले. लेकीस ती केव्हा घरी नेऊ शकेल, हे अद्याप ठरावयाचे आहे. ते ठरेपर्यंत दरवर्षी ते भाडे पोहोचविणे, आणि धुण्याच्या ढिगाशी पुन्हा जाऊन बसणे, एवढा संकल्प आम्ही केला आहे.

आता त्या वृद्ध सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. अनाथ मुले बेळगावातही आहेत, हे खरे. आपल्याकडे हे कार्य नवेही नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि १८७५ साली साक्षात पंढरपुरात प्रार्थनासमाजीयांच्या पुढाकाराने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम उघडला गेला. जवळचे सोडून दूर जावे, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. परंतु एके ठिकाणी एकदा पाऊल टाकल्यावर तेथील ऋण आपल्या माथी बसते. ते अर्धवट सोडून दुसरीकडे नवे पुण्य जोडणे आम्हांस धर्माचे वाटत नाही.

याचे मर्म आपल्याच वारीत आहे. एकदा पंढरीस जाऊन आलेल्यास आपण यात्रेकरू म्हणतो. वारकरी तो, जो नेमाने पुन्हा जातो. आणि वारकरी पांडुरंगापुढे उभा राहतो तेव्हा “मला ओळखलेस ना?” असे तो विचारीत नाही. क्षणभर पायांवर मस्तक ठेवतो, मागच्यास वाट देतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. देवाने ओळख दाखवावी हा हट्ट सुटला की वारी खरी झाली. त्या पाच वर्षांच्या बालकाने आम्हांस ओळखले नाही, यात त्याने आमच्यावर उपकारच केला, असे आता वाटते.

म्हणून सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे. मुलाच्या वाढदिवसास, वडिलांच्या श्राद्धतिथीस आपण गावातील बालगृहात मिठाई घेऊन जातो. तास दोन तास मुलांस खेळवून, छायाचित्र काढून परततो. यापुढे जाण्यापूर्वी तेथील सांभाळ करणाऱ्यांस इतके विचारावे: कोणते काम आम्ही केले असता तुमचे हात मोकळे होतील? कोणत्या मुलाचे आईबाप, आजी किंवा मामा हयात आहेत, आणि त्यास त्यांच्याजवळ राहता यावे म्हणून काय कमी पडते? वर्षातून एकदा येण्याऐवजी दर महिन्यास, कोणाच्या दृष्टीस न पडता, काय करता येईल? उत्तर कदाचित धुण्याचा ढीग हेच येईल. तो ढीग आनंदाने उचलावा.

येत्या श्रावणात आम्ही चौघे पुन्हा निघत आहोत. या खेपेस सामानात खेळणी नाहीत. धुण्याच्या वेळी नेसावयाची जुनी वस्त्रे तेवढी आहेत. तो बालक आता आणखी मोठा झाला असेल. त्याने आम्हांस ओळखू नये, आणि आपल्या सांभाळणाऱ्या बाईस मात्र दुरूनच ओळखावे, एवढेच मागणे विठुरायाच्या चरणी मागतो.

श्रीपांडुरंगार्पणमस्तु.